व्हिडिओदर्शन आणि प्रचालन प्रणालीतील बदल

संगणकाच्या प्रचालन प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) नवी आवृत्ती बसविल्यानंतर पूर्वी सुरळीत दिसणारा व्हिडिओ दिसेनासा होणे, चित्र काळे पडून केवळ ध्वनी ऐकू येणे, चित्र अडखळत पुढे सरकणे अथवा फाइल उघडतच नाही अशी सूचना मिळणे, हे बिघाड वैयक्तिक संगणकावर व्हिडिओ आल्यानंतर लवकरच परिचयाचे झाले. अशा वेळी फाइल बहुधा शाबूत असते. बदललेली असते ती तिच्याभोवतीची व्यवस्था. ही व्यवस्था कशी घडली, ती वारंवार का मोडली आणि ती सावरण्याच्या कोणत्या रीती रूढ झाल्या, यांचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी : असंक्षेपित व्हिडिओला फार मोठी जागा लागते. ६४० × ४८० बिंदूंचे रंगीत चित्र सेकंदाला २५ वेळा दाखवावयाचे, तर प्रत्येक सेकंदासाठी सु. २.३ कोटी बाइट इतकी माहिती लागते. या हिशोबाने एक संपूर्ण सीडी सु. अर्ध्या मिनिटात संपेल. म्हणून व्हिडिओ साठविताना त्याचे संक्षेपण करतात आणि दाखविताना ते उलगडतात. संक्षेपण व उलगडा करणाऱ्या आज्ञावलीला ‘कोडेक’ म्हणतात. संक्षेपित चित्र व ध्वनी ज्या फाइलीत एकत्र बांधलेले असतात, ते एक प्रकारचे वेष्टन होय. एव्हीआय, एमओव्ही, एमपी४ ही वेष्टनांची नावे आहेत. त्यांच्या आत कोणत्या पद्धतीने संक्षेपित केलेले चित्र आहे, हे नावावरून निश्चित कळत नाही. त्यामुळेच एकाच प्रकारच्या दोन फाइलींपैकी एक चालते व दुसरी चालत नाही. याखेरीज उलगडलेले चित्र पडद्यावर नेण्याचे काम ग्राफिक्स कार्ड व त्याचा ड्रायव्हर करतात. पुष्कळदा उलगडण्याचे कामही तेच करतात. म्हणजे फाइल, कोडेक, ड्रायव्हर आणि त्यांना जोडणारी प्रचालन प्रणाली या चारही घटकांचा मेळ बसल्याखेरीज व्हिडिओ दिसत नाही.

आरंभकाळ : ॲपल कंपनीने १९९१ मध्ये मॅकिंटॉश संगणकांसाठी ‘क्विकटाइम’ आणले, तर मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ प्रसृत केले. त्या काळात सिनेपॅक आणि इंटेल कंपनीचे इंडिओ हे कोडेक लोकप्रिय होते. त्यांची तंत्रे त्या त्या कंपन्यांच्या मालकीची होती. याच सुमारास आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या तज्ञगटाने एमपीईजी-१ हे मानक सिद्ध केले. ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेल्या व्हिडिओ सीडीत सु. ७४ मिनिटांचा कार्यक्रम मावत असे. भारतात या तबकडीचा मोठा प्रसार झाला. महाराष्ट्रातही चित्रपट, नाटके व विवाहसमारंभ यांची चित्रणे तिच्यावर घराघरांत पोहोचली. तिच्यातील फाइलींना ‘डीएटी’ हे प्रत्यय असल्याने अनेक संगणक त्यांना व्हिडिओ म्हणून ओळखत नसत. आतील एमपीईजी-१ चित्र जाणणाऱ्या आज्ञावलीतून त्या उघडल्या की त्या चालत.

विस्तार व गोंधळ : १९९५ नंतर कोडेक झपाट्याने वाढले. विंडोजमध्ये एकच फाइल उलगडू शकणारे अनेक घटक बसविलेले असल्यास त्यांपैकी कोणता निवडावा, हे त्यांना दिलेल्या अग्रक्रमावरून ठरे. अनेक कोडेक एकत्र देणारे संच लोक बसवीत आणि नवा संच जुन्याला बाजूस सारी. त्यामुळे बिघाड दूर करण्यासाठी योजलेला उपायच पुढील बिघाडाचे कारण ठरे. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरांची नवी रचना आणली. तिचा पूर्ण लाभ घेण्यास नव्याने लिहिलेले ड्रायव्हर आवश्यक होते. ज्या जुन्या कार्डांसाठी उत्पादकांनी ते केले नाहीत, त्यांचे मालक अडचणीत आले. २००९ मधील विंडोज ७ मध्ये एच.२६४ सह अनेक प्रचलित पद्धतींचे कोडेक मुळातच समाविष्ट झाल्याने काही काळ स्थैर्य लाभले.

एकस्वे व स्वामित्वशुल्क : पुढील बिघाडांची मुळे तंत्रापेक्षा अर्थकारणात आहेत. एमपीईजी-२ (डीव्हीडीचे मानक) व नंतरच्या मानकांवर अनेक कंपन्यांची एकस्वे होती आणि कोडेकच्या प्रत्येक प्रतीमागे शुल्क द्यावे लागे. तबकडीचालक नसलेल्या संगणकांची संख्या वाढू लागल्यावर हा खर्च सर्वांसाठी सोसणे मायक्रोसॉफ्टला परवडेनासे वाटले. परिणामी २०१२ मधील विंडोज ८ मधून डीव्हीडी दाखविण्याची अंगभूत सोय वगळण्यात आली. विंडोज ७ वरून नव्या आवृत्तीवर आलेल्या अनेकांना आपल्या डीव्हीडी एकाएकी चालेनाशा झाल्याचे आढळले. तबकडी व यंत्र मात्र पूर्वीचेच होते.

एचईव्हीसी किंवा एच.२६५ या २०१३ मधील मानकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट झाला, कारण त्याच्या एकस्वांसाठी शुल्क मागणारे एकाहून अधिक गट निर्माण झाले. २०१७ च्या शरद ऋतूत ॲपलने आपल्या नव्या भ्रमणध्वनींवर याच पद्धतीने चित्रण करण्यास प्रारंभ केला. त्याच ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने त्याचा कोडेक वेगळा काढून आपल्या भांडारात ठेवला. त्यामुळे भ्रमणध्वनीवर घेतलेले कुटुंबाचे चित्रण संगणकावर न दिसण्याचे प्रसंग वाढले. एकस्वांच्या या कटकटीस पर्याय म्हणून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या कंपन्यांच्या एका संघाने २०१८ मध्ये एव्ही१ ही शुल्कमुक्त पद्धती जाहीर केली. लिनक्सही यातून सुटले नाही. २०२२ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने कायदेशीर कारणास्तव ग्राफिक्स कार्डाद्वारे एच.२६४ व एचईव्हीसी उलगडण्याची सोय आपल्या ड्रायव्हरांतून काढून टाकली. वापरकर्त्यांना ती स्वयंसेवकांच्या वेगळ्या भांडारातून मिळवावी लागली.

स्पर्धाविषयक कायद्याचाही परिणाम दिसून येतो. २४ मार्च २००४ रोजी यूरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सु. ४९.७ कोटी यूरोंचा दंड ठोठावून माध्यमदर्शकाविना विंडोज उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्यातून ‘एन’ आवृत्त्या जन्मास आल्या. त्यांत व्हिडिओसाठी निराळा पूरक संच बसवावा लागतो. विंडोज १० च्या काळात मोठ्या अद्ययावतीकरणानंतर त्या त्या आवृत्तीचा संच पुन्हा बसविणे भाग पडे.

जुन्या पद्धतींचा त्याग : डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेच्या कारणास्तव विंडोज एक्सपी व समकालीन आवृत्त्यांतील इंडिओ कोडेकवर निर्बंध घातले, मात्र संगणकावरच साठविलेल्या चित्रांसाठी तो वापरणारे जुने खेळ व इतर आज्ञावली चालू राहू दिल्या. ॲपलच्या बाबतीत असाच प्रसंग ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना या आवृत्तीने आणला. तिने ३२ बिटांच्या आज्ञावलींना थारा दिला नाही. त्यामुळे क्विकटाइम ७ व त्यावर विसंबलेले सिनेपॅक, सोरेन्सन यांसारखे कोडेक निरुपयोगी झाले. तत्पूर्वीच्या मोजावे या आवृत्तीत अशा फाइली उघडताच त्यांचे नव्या पद्धतीत रूपांतर होत असे. कॅटलिनात ती वाटही बंद झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशला दिलेला आधार संपविला आणि त्यातून दाखविला जाणारा व्हिडिओही बहुतेक ठिकाणी बंद झाला.

मुक्त आज्ञावली : या बिघाडांना प्रभावी उत्तर कंपन्यांबाहेरून मिळाले. पॅरिस येथील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी हा दर्शक निर्माण झाला. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली प्रसृत झाला. फ्रेंच संगणकतज्ञ फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये आरंभिलेल्या एफएफएमपेग या प्रकल्पाने जुन्या-नव्या असंख्य पद्धती उलगडणारे ग्रंथालय सिद्ध केले. या दोहोंचे वैशिष्ट्य असे, की कोडेक त्यांच्यासोबतच असतात. त्यामुळे प्रचालन प्रणालीने एखादी पद्धत सोडली, तरी त्यांचे काम बव्हंशी चालू राहते. कंपन्यांनी टाकून दिलेले सिनेपॅक व इंडिओसुद्धा एफएफएमपेगद्वारे उलगडता येतात.

दुरुस्तीच्या रीती : वरील इतिहासातून बिघाडाचे निदान करण्याचा एक क्रम सिद्ध होतो. प्रथम तीच फाइल स्वतःचे कोडेक बाळगणाऱ्या दर्शकात उघडून पाहावी. ती तेथे चालल्यास दोष प्रचालन प्रणालीतील कोडेकचा असतो. हवा तो कोडेक अधिकृत भांडारातून घ्यावा. अनोळखी ठिकाणचे कोडेक-संच टाळणे इष्ट, कारण त्यांच्या आडून घातक आज्ञावली शिरकाव करू शकतात. सर्वच व्हिडिओ अडखळत असल्यास वा काळे दिसत असल्यास ड्रायव्हरवर संशय घ्यावा. अशा वेळी दर्शकातील अथवा ब्राउझरमधील यंत्राधारित उलगडा तात्पुरता बंद केल्यास निदान पक्के होते. मग कार्डाच्या उत्पादकाचा नवा ड्रायव्हर बसवावा किंवा पूर्वीच्या ड्रायव्हरकडे परतावे. जी पद्धत नव्या प्रणालीने कायमची सोडली आहे, तिच्यातील चित्रणांचे रूपांतर करावे. रूपांतरात चित्राचा दर्जा थोडाफार घटत असल्याने मूळ प्रत नष्ट करू नये. केवळ वेष्टन बदलल्याने काम भागत असेल, तर दर्जास धक्का लागत नाही.

जतनाचा प्रश्न : घरगुती समारंभ, व्याख्याने, नाट्यप्रयोग व लोककला यांची असंख्य चित्रणे जुन्या पद्धतींत साठविलेली आहेत. त्यांपैकी पुष्कळांची दुसरी प्रत नाही. ती पाहता येणे हे फाइलीवर जितके अवलंबून आहे, तितकेच पद्धतीचे तपशील जगजाहीर असण्यावर आणि ती कोणालाही अंमलात आणता येण्यावर अवलंबून आहे. एमपीईजी-१ मधील व्हिडिओ तीन दशकांनंतरही सहज दिसतो, याचे हेच कारण होय. कंपनीच्या मालकीच्या ज्या पद्धती आजही पाहता येतात, त्या मुख्यतः बाहेरच्या स्वयंसेवकांनी त्यांची उकल केली म्हणून. हे ध्यानी घेऊन जतनासाठी खुल्या पद्धतींना मानकाचे रूप देण्यात आले. चित्राची हानी न करणारी एफएफव्ही१ ही पद्धत २०२१ मध्ये, तर मात्रोस्का हे वेष्टन २०२४ मध्ये इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलाच्या दस्तऐवजांत प्रसिद्ध झाले. प्रचालन प्रणालीची नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी, जुने यंत्र चालू असतानाच, आपल्या चित्रणांची तपासणी करून घेणे व अडचणीच्या फाइलींची खुल्या पद्धतीतील एक प्रत तयार ठेवणे श्रेयस्कर ठरते. कारण आवृत्ती बदलल्यानंतर तेच काम अधिक खर्चाचे व कष्टाचे होते.