क्रिओल भाषांतील संख्यावाचक शब्द : एक ऐतिहासिक विचार

भाषांचे कुलसंबंध ठरविताना संख्यावाचक शब्दांची साक्ष विश्वसनीय मानण्याची प्रथा जुनी आहे. मॉरिस स्वाडेश यांच्या १९५२ सालच्या मूलभूत शब्दांच्या यादीत एक ते पाच या संख्या होत्या. १९५५ च्या शंभर शब्दांच्या यादीत त्यांपैकी एक व दोन एवढ्याच उरल्या. ही साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, याची परीक्षा क्रिओल भाषांत उत्तम होते. कारण त्यांचा जन्म इतिहासाला ज्ञात अशा काळात झाला आहे.

गिनीच्या आखातातील साओ तोमे बेटाचे उदाहरण प्रथम घेऊ. तेथील फोर्रो या पोर्तुगीजमूलक क्रिओलमध्ये चार म्हणजे ‘क्वात्लु’ व पाच म्हणजे ‘शिंकु’. त्याच बेटाच्या दक्षिण भागात, मळ्यांतून पळालेल्या गुलामांचे वंशज मानले जाणारे लोक आंगोलार ही भाषा बोलतात. तिच्यातही एक ते तीन हे शब्द पोर्तुगीजच आहेत. परंतु चार ‘क्वाना’, पाच ‘तानो’, आठ ‘नाके’ हे अंगोलातील किंबुंदू या बांटू भाषेतून आलेले आहेत. पहिले तीनच शब्द पाहणारा अभ्यासक या भाषेस पोर्तुगीजची कन्या म्हणेल. पुढचे सात पाहणारा तिची गणना बांटू भाषांत करील. दोघांची सामग्री खरी, निष्कर्ष मात्र अपुरा. मळ्याशी जोडलेला समाज आणि त्यापासून तुटलेला समाज यांतील अंतर येथे तीन आणि चार यांच्या मध्ये उमटले आहे.

राज्यकर्ते बदलले म्हणजे मोजणीही बदलते, असे म्हणावे तर त्यासही आधार मिळत नाही. मॉरिशस १८१० मध्ये इंग्रजांकडे गेले व १९६८ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. तरीही तेथील क्रिओलमध्ये ऐंशी म्हणजे ‘कात्रोवें’, अर्थात फ्रेंच पद्धतीने ‘चार विसा’, हेच चालू आहे. याउलट सुरिनाम १६६७ मध्ये इंग्रजांकडून डचांकडे गेले, आणि तेथील इंग्रजीमूलक स्रानान भाषेत नऊ, अकरा व बारा यांसाठी ‘नेगि’, ‘एर्फु’ व ‘ट्वार्फु’ हे डच वळणाचे शब्द रूढ झाले.

शब्द घेतला म्हणून रचनाही घेतली, असेही नव्हे. कुरासाव बेटावर १६३४ पासून डचांची सत्ता असूनही तेथील पापियामेंटूचे अंक स्पॅनिश-पोर्तुगीज वळणाचे आहेत. स्पॅनिशमधील ‘ओन्से’ (अकरा), ‘दोसे’ (बारा) यांत आपल्या ‘अकरा’, ‘बारा’प्रमाणेच घटक झाकले गेले आहेत. पापियामेंटूने ते उघडे केले : ‘दिएसुन’ म्हणजे दहा-एक, ‘दिएसदोस’ म्हणजे दहा-दोन. एकवीस म्हणजे ‘बिंतिउन’, वीस-एक. डच भाषेप्रमाणे एकक आधी नाही.

पापुआ न्यू गिनीतील टोक पिसिनमध्ये तर अंक व्याकरणात शिरले आहेत. ‘टु’, ‘ट्रि’ हे शब्द इंग्रजी. पण ‘युमितुपेला’ म्हणजे ‘आपण दोघे’ आणि ‘युमित्रिपेला’ म्हणजे ‘आपण तिघे’. श्रोत्यासह दोघे व तिघे यांसाठी निराळी सर्वनामे योजण्याची ही रीत मेलानेशियन भाषांची आहे, इंग्रजीची नव्हे. द्रव्य एकीकडचे, घडण दुसरीकडची.

तात्पर्य, एक ते दहा अशी यादी म्हणजे वंशावळ नव्हे. शब्दाचे मूळ, मोठ्या संख्यांची जुळणी आणि व्याकरणातील उपयोग या तिन्ही गोष्टींचा इतिहास पृथक् पाहिला पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांना या अभ्यासासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. चौलचा प्रदेश १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, त्यानंतरही कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमूलक क्रिओल टिकून राहिली. तेथे जाणाऱ्याने ‘दहापर्यंत मोजा’ एवढेच म्हणून थांबू नये. बाजारातला हिशेब, घड्याळातली वेळ आणि मुलांचे वय कोणत्या भाषेत सांगितले जाते, हेही ऐकून टिपावे. त्या समाजाचा इतिहास त्या टिपणांत अधिक सापडेल.