डिजिटल छायाचित्रांचा साठा जपायचा कसा?

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतील भक्तांनी पेललेले सात नंदीध्वज आणि संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा टिपण्यासाठी सोलापुरातील हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार दरवर्षी गर्दी करतात. फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांचा रोल पुरवून वापरावा लागे. आता एकाच दिवसात हजार-दीड हजार छायाचित्रे सहज निघतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील 'रॉ' स्वरूपाची एक फाइल साधारण २५ ते ३० मेगाबाइटची असते. म्हणजे यात्रेचा एकच दिवस तीस-चाळीस गिगाबाइट जागा व्यापतो. त्यात घरची लग्नकार्ये, मुलांचे वाढदिवस आणि सहली मिळवल्या की दहा-बारा वर्षांत एका कुटुंबाचा साठा टेराबाइटच्या घरात जातो. हा सारा ऐवज बहुतेक घरांत एकाच हार्ड डिस्कवर असतो.

यातील काही छायाचित्रे पुन्हा काढता येतील, पण काही कधीच येणार नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. तेथील गवताळ माळावर पूर्वी नित्य दिसणारा हा पक्षी आता क्वचितच नजरेस पडतो. संपूर्ण देशात त्याची संख्या जेमतेम दीडशेच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. त्या काळात नान्नजला काढलेले माळढोकाचे छायाचित्र हा आता केवळ छंदाचा भाग राहिलेला नाही. तो दस्तऐवज आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. तिच्याबाबतही हेच म्हणता येईल. मूळ वस्तूच उरलेली नसताना तिचे एकमेव चित्र एका डिस्कच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे.

एका ठिकाणी ठेवलेल्या ठेव्याचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या तेथे ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. 'प्रभात'च्या चित्रपटांच्या फितीही त्यांत होत्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवून घेतल्या होत्या, ते वाचले.

साठवणुकीचे कोणतेही साधन चिरंतन नसते. हार्ड डिस्कमध्ये फिरणारे भाग असतात. ते झिजतात, हातातून पडल्यास तुटतात आणि विजेच्या चढउताराने बिघडतात. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी यांत फिरणारे काही नसते, परंतु त्यांतील माहिती विद्युतभाराच्या रूपाने राहते. वापराविना कपाटात दीर्घकाळ पडून राहिल्यास हा भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत अधिक वेगाने गळतो. २००० च्या दशकात घरोघरी 'जाळून' ठेवलेल्या सीडी-डीव्हीडींत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता यांमुळे तो खराब होतो. अशा चकत्या घरात असतील तर त्या वाचता येत आहेत तोवर त्यांतील मजकूर डिस्कवर उतरवून घ्यावा. चकती वाचणारा ड्राइव्हच नव्या लॅपटॉपमध्ये सहसा नसतो, ही अडचण वेगळीच.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याखालची खोली, माळ्यावरचे कपाट आणि उन्हात उभी केलेली मोटार या तिन्ही जागा डिस्क ठेवण्यास अयोग्य होत. घरातील सर्वांत थंड आणि कोरडी खोली निवडावी आणि डिस्क बंद डब्यात ठेवावी, म्हणजे धुळीपासूनही बचाव होतो.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला 'तीन-दोन-एक' हा नियम आज जगभर मानला जातो. प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी असावी. यातील शेवटची अटच सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराचे पाणी जिल्ह्यातील अनेक गावांत घरांमध्ये शिरले. अशा वेळी एकाच घरात दोन डिस्क असून उपयोग नसतो. सोलापूरकरांना ही अट पाळणे तितकेसे अवघड नाही. अनेकांची मुले नोकरीनिमित्त पुण्याला वा हैदराबादला असतात. वर्षातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना ताजी प्रत नेऊन ठेवावी आणि तेथील जुनी डिस्क परत आणून अद्ययावत करावी. इतका साधा उपाय दुसरा नाही.

दुसरा मार्ग क्लाउडचा. घरगुती इंटरनेटवर माहिती वर पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर एक टेराबाइट चढवण्यास अखंड नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. ५० मेगाबिटला दोन दिवसांच्या आत काम होते. मात्र फुकट सेवेवर विसंबून राहू नये. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, २०१६ मध्ये पिकासा गुंडाळण्यात आले आणि १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण संपली. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकुंचित होऊन पोहोचते. त्याला मूळ प्रत मानू नये.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. फोन आणि क्लाउड एकमेकांशी 'सिंक' केलेले असले, म्हणजे सुरक्षित प्रत झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सिंकमध्ये एका ठिकाणी पुसलेले चित्र दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसले जाते; काही दिवस ते 'कचरापेटी'त राहते एवढेच. एका पेटीत दोन डिस्क बसवून माहिती दुहेरी लिहिणाऱ्या यंत्रणेचेही तसेच: एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या तावडीत सापडते. म्हणून एक प्रत काम झाल्यावर सोडवून बाजूला ठेवलेली हवी.

नव्या छायाचित्रांच्या किमान दोन प्रती होऊन त्या उघडून पाहिल्याखेरीज मेमरी कार्ड पुसू नये. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग लिहावा. मग संगणक ते आपोआप क्रमाने लावतो. साठा मोठा असल्यास 'चेकसम' काढणाऱ्या प्रोग्रॅमचा उपयोग करावा. तो प्रत्येक फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेवतो आणि पुढे एखादी फाइल नकळत बिघडली असल्यास दाखवून देतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत का होईना, प्रत्येक डिस्क जोडून काही चित्रे उघडून पाहावीत. डिस्कवर खरेदीचे वर्ष लिहिलेले असावे आणि साधारण पाच वर्षांनी ती बदलावी.

सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील छायाचित्रांसह काढून टाकण्याची तरतूद गूगलच्या धोरणात आहे. खातेदाराच्या पश्चात कुटुंबीयांना ती मिळावीत, यासाठी खाते निष्क्रिय झाल्यावर कोणाला कळवायचे, हे त्याच खात्यात आधी नोंदवता येते. डिस्कला पासवर्ड असेल तर तो घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावा आणि पुण्यातील प्रत कोणत्या कपाटात आहे, हेही.