तादात्म्य-नियम

तादात्म्य-नियम : पारंपरिक तर्कशास्त्रात मूलभूत मानलेल्या तीन विचारनियमांपैकी पहिला नियम. ‘अ हा अ आहे’ किंवा ‘प्रत्येक वस्तू स्वतःशी एकरूप असते’, असा तो मांडला जातो. उरलेले दोन नियम म्हणजे व्याघात-नियम (एकच विधान एकाच वेळी व एकाच अर्थाने खरे आणि खोटे असू शकत नाही) आणि मध्यम-परिहार-नियम (विधान आणि त्याचा निषेध ह्यांपैकी एक खरे असलेच पाहिजे). तादात्म्य-नियम नाकारणे कोणालाही शक्य दिसत नाही. तथापि त्याने सांगितले काय, हेही चटकन सांगता येत नाही. ‘घट हा घट आहे’ ह्या विधानाने ज्ञानात भर पडत नाही. उलट, ‘पहाटेचा तारा हाच सायंकाळचा तारा आहे’ हे विधानही तादात्म्याचेच आहे. परंतु ते कळण्यासाठी आकाशाचे निरीक्षण करावे लागले. तादात्म्य जर प्रत्येक वस्तूचा केवळ स्वतःशी असलेला संबंध असेल, तर त्याचा शोध कसा लागू शकतो, हा ह्या नियमाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचा विचार करताना ‘समान’ ह्या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवणे आवश्यक आहे. यूक्लिडच्या (इ. स. पू. सु. ३००) भूमितीत एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेले दोन समांतरभुज चौकोन समान ठरतात, म्हणजे त्यांचे क्षेत्रफळ सारखे असते. आकृती मात्र दोनच राहतात. रॉबर्ट रेकॉर्ड ह्या गणितज्ञाने १५५७ मध्ये बरोबरीचे चिन्ह (=) प्रथम छापले, तेव्हा त्याने त्यासाठी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा निवडल्या; कारण त्यांहून अधिक समान अशा दोन वस्तू असू शकत नाहीत, असे त्याला वाटले. पण त्या रेषाही दोन आहेत. आधुनिक तर्कशास्त्रात ‘अ = ब’ ह्याचा अर्थ दोन वस्तू सारख्या आहेत असा नसून, ‘अ’ आणि ‘ब’ ही एकाच वस्तूची नावे आहेत, म्हणजे येथे वस्तू एकच आहे, असा होतो.

ग्रीक तत्त्वज्ञानात प्लेटोने सोफिस्ट ह्या संवादात ‘तेच’ आणि ‘अन्य’ ह्यांना सत्, गती व स्थिती ह्यांच्या बरोबरीने मूलभूत प्रकारांत स्थान दिले. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) संख्येने एक, जातीने एक आणि सामान्याने एक असे ‘तेच’ ह्या पदाचे अर्थभेद सांगितले. दोन गोष्टी खरोखर एकच असतील, तर एकीविषयी जे म्हणता येते ते दुसरीविषयीही म्हणता आले पाहिजे, ही कसोटीही त्याच्याकडे आढळते. मात्र सर्व विचारांचे अधिष्ठान म्हणून त्याने जो नियम मांडला, तो व्याघाताचा, तादात्म्याचा नव्हे. एखादी वस्तू ती स्वतःच का आहे, असे विचारणे म्हणजे काहीच न विचारणे होय, असे त्याचे मत होते. ह्याच शतकातील यूबुलिडीझ ह्याच्या नावावर असलेल्या एका कूटाने सदर कसोटीपुढे अडचण उभी केली. चेहरा झाकलेला मनुष्य कोण हे तुम्हांला ठाऊक नाही; पण तो तर तुमचा भाऊ आहे; म्हणून तुमचा भाऊ कोण हे तुम्हांला ठाऊक नाही. येथे एकाच व्यक्तीच्या एका वर्णनाऐवजी दुसरे वर्णन घातले आहे. तरीही निष्कर्ष खोटा ठरतो.

भारतीय दर्शनांत ‘तादात्म्य’ व ‘अभेद’ ह्या संकल्पनांचा विचार प्रामुख्याने अनुमान, अभाव आणि शाब्दबोध ह्यांच्या संदर्भात झाला. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती (सातवे शतक) ह्याने हेतू व साध्य ह्यांच्यातील अव्यभिचारी संबंधाचे तदुत्पत्ती (कार्यकारणभाव) आणि तादात्म्य असे दोन आधार मानले. ‘हा वृक्ष आहे, कारण हा शिंशपा (शिसवी) आहे’ हे दुसऱ्याचे प्रसिद्ध उदाहरण. शिंशपा आणि वृक्ष जर वस्तुतः एकच असतील, तर एकावरून दुसऱ्याचे अनुमान कसे होते, हा आक्षेप त्यावर येतो. वस्तू एक असली, तरी तिच्याविषयीच्या कल्पना भिन्न असतात, असे त्याचे उत्तर होते. न्यायदर्शनात ‘घट हा पट नव्हे’ ह्या ज्ञानाचा विषय असलेल्या अभावाला अन्योन्याभाव म्हणतात आणि ह्या अभावाने निषेधिला जाणारा संबंध तादात्म्य हा होय. अद्वैत वेदान्तात ‘तो हा देवदत्त’ ह्या वाक्याचे विवेचन महावाक्यांच्या अर्थनिर्णयासाठी केले जाते. पूर्वी पाहिलेला आणि समोर उभा असलेला, ह्या विरोधी विशेषणांचा त्याग करून राहिलेली व्यक्ती एकच, असा त्याचा अर्थ लावला जातो.

नव्यन्यायात हा प्रश्न अधिक काटेकोर झाला. सतराव्या शतकातील गदाधर भट्टाचार्य ह्याच्या व्युत्पत्तिवाद ह्या ग्रंथात ‘नीलो घटः’ ह्या वाक्यापासून अभेदाचा बोध होतो, पण ‘घटो घटः’ ह्यापासून होत नाही, हा भेद चर्चिला आहे. अभेदाचा अन्वय होण्यासाठी दोन्ही पदांनी उपस्थित झालेले अर्थ भिन्न रूपांनी, म्हणजे विरूपोपस्थित, असावे लागतात. वस्तू एकच, पण ती ज्या धर्माने ज्ञानात येते तो धर्म दोन्हीकडे वेगळा, अशी स्थिती असेल तरच वाक्य काही सांगते. यूरोपीय तर्कशास्त्रात ह्याच्याशी तुल्य अशी भूमिका पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली गेली.

यूरोपात तादात्म्याला स्वतंत्र आद्यतत्त्वाचे स्थान मध्ययुगाच्या उत्तरार्धात मिळू लागले. चौदाव्या शतकाच्या आरंभी आन्तोनियुस आन्द्रेआस ह्याने ‘सत् हे सत् आहे’ हे पहिले तत्त्व मानले. जॉन लॉक (१६३२–१७०४) ह्याने अशा विधानांना क्षुल्लक ठरविले. ती करणारा मनुष्य, माकडाने कालव एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावे, तसे केवळ शब्द हलवितो. गोट्‌फ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स (१६४६–१७१६) ह्याने मात्र तादात्म्यविधाने ही बुद्धिजन्य सत्यांची मूळ सत्ये मानली. ज्यांची एकमेकांच्या जागी योजना केली असता विधानाची सत्यता ढळत नाही त्या गोष्टी एकच, ही त्याची व्याख्या निर्णायक ठरली. तीमुळे तादात्म्याचा भर ‘अ हा अ आहे’ ह्यावरून प्रतिस्थापनेवर, म्हणजे एका पदाच्या जागी दुसरे घालण्यावर, आला. ज्यांचे सर्व गुणधर्म सारखे आहेत अशा दोन भिन्न वस्तू असू शकत नाहीत, असेही त्याने प्रतिपादिले. हेरेनहाउझेनच्या उद्यानात अगदी एकसारखी दोन पाने शोधून दाखविण्याचा प्रयत्न एका गृहस्थाने केला, पण तो निष्फळ ठरला, असे त्याने क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात नमूद केले आहे. गेओर्ख व्हिल्हेल्म फ्रीड्रिख हेगेल (१७७०–१८३१) ह्याने केवळ ‘अ = अ’ हे रिकामे पुनर्वचन आहे, भेदाचा आश्रय घेतल्याशिवाय तादात्म्याला आशय लाभत नाही, अशी टीका केली.

गोटलोप फ्रेग (१८४८–१९२५) ह्याने १८७९ मध्ये तादात्म्य हा नावांमधील संबंध मानला होता. १८९२ च्या आपल्या निबंधात त्याने ही भूमिका सोडली. कोणतीही दोन नावे एका वस्तूला देता येतात. संबंध केवळ नावांचा असता, तर त्या विधानाने जगाविषयी काहीच कळले नसते. म्हणून त्याने नावाचे निर्देश्य (ज्या वस्तूचा निर्देश होतो ती) आणि आशय (ती वस्तू ज्या रीतीने सादर होते ती रीत) असा भेद केला. ‘पहाटेचा तारा’ व ‘सायंकाळचा तारा’ ह्यांचे निर्देश्य शुक्र हा एकच ग्रह आहे. आशय मात्र भिन्न आहेत. बर्ट्रंड रसेल (१८७२–१९७०) ह्यांनी १९०५ मध्ये हा भेद टाळून, वर्णनात्मक पदे विश्लेषणात नाहीशी होतात असे दाखविले. लूटव्हिख व्हिट्‌गेन्श्टाइन (१८८९–१९५१) ह्यांनी त्याही पुढे जाऊन, प्रत्येक वस्तूला एकच चिन्ह दिल्यास बरोबरीच्या चिन्हाची गरजच उरत नाही, असे म्हटले.

आजच्या विधेय-तर्कशास्त्रात समतेसाठी दोन गृहीतके पुरतात : (१) प्रत्येक वस्तू स्वतःशी समान असते; (२) अ = ब असेल, तर अ-विषयी जे खरे ते ब-विषयीही खरे असते. ह्यांवरून इतर नियम निष्पन्न होतात. अ = ब दिले असता, ‘अ = अ’ ह्यातील पहिल्या ‘अ’च्या जागी ‘ब’ घातले की ‘ब = अ’ मिळते. त्याचप्रमाणे अ = ब आणि ब = क ह्यांवरून अ = क मिळते. जुना तादात्म्य-नियम अशा रीतीने दोहोंपैकी एक गृहीतक झाला. अनुमानाचे बहुतेक कार्य दुसरे गृहीतक करते. तथापि वरील कूटाप्रमाणे ‘जाणतो’, ‘मानतो’ ह्यांसारख्या क्रियापदांच्या कक्षेत हे दुसरे गृहीतक सरसकट लावता येत नाही. तसेच पहिल्या कोटीच्या भाषेत ही गृहीतके खऱ्या तादात्म्याप्रमाणेच, त्या भाषेला ज्यांतील भेद व्यक्त करता येत नाही अशा वस्तूंमधील संबंधानेही पूर्ण होऊ शकतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन वाद महत्त्वाचे ठरले. मॅक्स ब्लॅक ह्यांनी १९५२ मध्ये, ज्यात शुद्ध लोखंडाच्या दोन अगदी सारख्या गोलांखेरीज काहीच नाही, असे विश्व कल्पून लायप्निट्सच्या अभेद-तत्त्वावर आक्षेप घेतला. पीटर गीच ह्यांनी ‘तेच’ हे पद नेहमी ‘तीच नदी’, ‘तेच पाणी’ असे एखाद्या जातीच्या सापेक्षच वापरता येते, असा पक्ष मांडला. तिसरा वाद अनिवार्यतेचा. रूथ बार्कन मार्कस ह्यांनी १९४७ मध्ये, दोन वस्तू एकच असतील तर त्या अनिवार्यपणे एकच असतात, हे आकारिक पद्धतीने सिद्ध केले. सॉल क्रिपकी (१९४०–२०२२) ह्यांनी १९७० च्या व्याख्यानांत ह्याचा तत्त्वज्ञानात्मक अर्थ उलगडला. पहाटेचा व सायंकाळचा तारा ह्यांना दिलेली व्यक्तिनामे एकाच ग्रहाची असल्याने त्यांचे तादात्म्य अनिवार्य आहे. तरीही ते अनुभवानेच कळते. अनिवार्य ते अनुभवाशिवाय कळते, ही दीर्घकाळची समजूत त्यामुळे ढळली.

गणितातही समतेचा अर्थ पुन्हा विचारात घेतला गेला. पेर मार्टिन-लोफ ह्यांच्या प्रकार-सिद्धांतात (१९७० नंतर) ‘अ = ब’ ह्या विधानाच्या सिद्धी स्वतःच गणिती वस्तू ठरतात. अशी सिद्धी एकच असलीच पाहिजे असे नाही, हे पुढे दिसून आले. व्लादिमीर व्होयेव्होद्स्की (१९६६–२०१७) ह्यांच्या एका गृहीतकानुसार सममूल्य रचनांना समान मानता येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामूहिक ग्रंथात ह्या दृष्टिकोनाची सविस्तर मांडणी आहे.

तादात्म्य-नियम वस्तूविषयी काही नवे सांगत नाही, हा लॉकचा आक्षेप आपल्या जागी योग्य आहे. परंतु एकच वस्तू भिन्न रूपांनी ज्ञानास येते आणि ती रूपे एकाच वस्तूची आहेत हे प्रयासाने जाणावे लागते. नियमाचे निर्विवादपण वस्तूकडे पाहून येते. तादात्म्याच्या शोधाचे मोल जाणणाऱ्याकडे पाहून कळते. धर्मकीर्ती, गदाधर आणि फ्रेग ह्यांचे हेतू व परिभाषा भिन्न असूनही त्यांनी ह्या दोन बाजू वेगळ्या ओळखल्या, ह्यातच त्यांच्या विवेचनाचे महत्त्व आहे.