तापीची वाट आणि खानदेशचे बिऱ्हाड

सुरत शहरात उधन्याला लागून डिंडोली नावाची वस्ती आहे. जळगावकडे जाणारा लोहमार्ग तिच्याजवळूनच जातो. येथील गल्ल्यांतून चालताना गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणीही सतत कानांवर पडते. नंदुरबार, शिरपूर, अमळनेर, चोपडा ही येथे केवळ नकाशातील नावे नाहीत. ती कुणाचे माहेर, कुणाचे आजोळ आहेत. ही सारी गावे तापीच्या खोऱ्यातली, आणि सुरत तर तापीच्याच काठी वसलेली. मग खानदेशातील माणसे आपले बिऱ्हाड नावेत घालून, नदीच्या ओघाबरोबर खाली का आली नाहीत? शाळेतील मुले हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न भाबडा वाटतो खरा, परंतु त्याच्या उत्तरात या मुलखाचा चारशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

गंगेवर असा प्रवास होत असे. आगगाडी येण्यापूर्वी त्या नदीवर कुटुंबेच्या कुटुंबे आठवडेच्या आठवडे नावेत राहत. रात्री नाव काठाला बांधावी, वाळूवर चूल मांडावी, आणि उजाडताच पुन्हा निघावे, असा त्यांचा क्रम असे. १८२४ साली बिशप हेबर हे कलकत्त्याहून नावेने निघाले आणि सुमारे तीन महिन्यांनी अलाहाबादेस पोहोचले. पुढील वर्षी ते सुरतेसही आले. पण तो सारा प्रवास खुष्कीचा होता. या बाजूस नदी असूनही नदीची वाट नव्हती.

याचे कारण तापीच्या स्वभावात आहे. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून ती सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेस वाहते. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते. पुढे गिरणा, बोरी, पांझरा आणि गोमाई येऊन मिळतात. तिच्या खोऱ्याचा बहुतेक भाग महाराष्ट्रात आहे. परंतु ही नदी बारमाही भरलेली नसते. उन्हाळ्यात खडकाळ पात्रात डोह तेवढे उरतात. पावसाळ्यात उंच दरडींमधून असा लोंढा धावतो की नाव घालणे म्हणजे जिवाशी खेळ. खानदेशात नाव होती, भोई होते. पण ती नाव या काठावरून त्या काठावर जाण्यापुरती. लांबचा जलप्रवास केवळ मुखाकडे, भरतीचे पाणी चढते तेथेच शक्य होता. मोठी गलबते सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत आणि लहान होड्या माल घेऊन सुरतेच्या धक्क्यास लागत.

म्हणून नदीच्या खोऱ्यातून जाणारी गाडीवाट हीच खरी वाट ठरली. सुरत, व्यारा, नंदुरबार, बुऱ्हाणपूर असा हा मार्ग होता. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच मार्गे गेला. बुऱ्हाणपूर गाठण्यास त्याला सुमारे पंधरवडा लागला. १६३० साली पीटर मंडी निघाला तेव्हा गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता, आणि वाटेत पाहिलेल्या प्रेतांची व भुकेल्या माणसांची वर्णने त्याने लिहून ठेवली आहेत.

पुढे १८९९-१९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत पोहोचली. तेही वर्ष दुष्काळाचेच. गुजरातेत आजही त्याला छपनियो म्हणतात. जी वाट तोडण्यास बैलांना दिवसच्या दिवस लागत, ती आता एका दिवसाची झाली. १९६० च्या १ मे रोजी दोन राज्ये झाली आणि सीमा अशी पडली की नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत राहिला. गाडी मात्र थांबली नाही. सुरतेत यंत्रमाग आणि रंगाईचे कारखाने वाढत गेले तसतशी एक पेटी, एक वळकटी आणि पीठ बांधलेले फडके घेऊन खानदेशची कुटुंबे उधन्याला उतरत राहिली.

नदीनेही या काळात आपले रूप पालटले. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले. शंभरावर गावे पाण्याखाली गेली. त्यांत आदिवासींची घरे फार होती. जेथे पूर्वी पायवाट होती तेथे काठच्या माणसांना आता होडीने जावे लागते. ज्या नदीवर कुणी बिऱ्हाड नावेने नेले नव्हते, तिच्यावर होडी आली ती अशी, घर बुडाल्यानंतर.

सुरतेच्या मराठी माणसाच्या वाट्याला उलट प्रवासही आला. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची वार्ता पसरताच थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले, आणि त्यांतील कितीतरी याच लोहमार्गाने खानदेशात परतले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेले पाणी शहरात शिरले, तेव्हा सुरतेच्या रस्त्यांवर होड्या चालल्या आणि कुटुंबांना त्यांतून बाहेर काढावे लागले. दोन्ही वेळा गेलेली माणसे बहुतांशी परत आली, कारण पोट येथे होते आणि मुलांची शाळाही येथेच.

श्रोतेहो, रो आणि मंडी यांच्या रोजनिशा छापल्या गेल्या आहेत. त्याच वाटेने आलेल्या आपल्या आजीआजोबांची रोजनिशी कुणी लिहिलेली नाही. ते कोणत्या वर्षी आले, कोणत्या स्थानकावर उतरले, पहिली रात्र कुणाच्या ओट्यावर काढली, बरोबर काय आणले आणि मागे काय सोडले, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. येथे जन्मलेल्या मुलाला गावी गेले की सुरतवाला म्हणतात आणि सुरतेत खानदेशी म्हणतात. त्याला आपल्या घरची ही हकीकत ठाऊक असली, तर दोन्ही नावे तो संकोचाविना सांगू शकेल. तेव्हा या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा, वही घ्या, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, अहिराणीत तर अहिराणीत, लिहून ठेवा.