शिडांच्या माळ्यावरील चित्रशाळा : सेंट आइव्ज येथील कलाजीवनाची पूर्वपीठिका

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाशी, कॉर्नवॉल परगण्यात, सेंट आइव्ज नावाचे एक लहानसे बंदर आहे. आधुनिक ब्रिटिश कलेच्या इतिहासात या गावाच्या नावाने एक संप्रदायच ओळखला जातो, आणि त्या संप्रदायाविषयीचे लेखनही विपुल आहे. परंतु हे लेखन बहुधा चित्रकार गावात उतरला त्या दिवसापासून सुरू होते. तो ज्या खोलीत आपला फलक मांडून बसला ती खोली कोणी, कशासाठी बांधली होती आणि ती रिकामी कशी झाली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. लेखक कलासमीक्षक नाही. भाषेचा अभ्यासक या नात्याने गावातील काही शब्दांनीच त्याचे लक्ष प्रथम वेधून घेतले, हे आरंभीच सांगितलेले बरे.

एकोणिसाव्या शतकात या गावाचा संसार पिल्चर्ड नावाच्या मासळीवर चालत असे. ही मासळी आपल्याकडील तारलीच्या कुळातील. तिचे थवे किनाऱ्याजवळ आले की उंच कड्यावर बसलेला टेहळ्या हाकाटी करून व हातवारे करून होड्यांना दिशा दाखवी, आणि थव्याभोवती प्रचंड जाळे टाकले जाई. आपल्या कोकणपट्टीवरील रापण ज्याने पाहिली आहे त्यास या पद्धतीची कल्पना सहज येईल. पकडलेली मासळी गावातील बायका मिठाच्या थरांत रचीत. पुढे ती पिंपांत दाबून तिचे तेल काढीत व ती पिंपे मुख्यतः इटलीकडे रवाना होत. कॅथलिक देशांतील उपवासाच्या दिवसांवर प्रॉटेस्टंट कोळ्यांची चूल पेटत होती, ही गोष्ट गमतीची खरी.

या व्यवसायाने गावाच्या घरांना त्यांचा आकार दिला. खाली मासळी खारवण्याची जागा, तीस ‘सेलर’ म्हणत. प्रमाण इंग्रजीत या शब्दाचा अर्थ तळघर असा असला, तरी येथे ती जागा जमिनीच्या पातळीवरच असे. वर शिडे शिवण्याचा व जाळी दुरुस्त करण्याचा माळा, तो ‘लॉफ्ट’. शीड पसरून शिवावयाचे म्हणजे आडभिंती नसलेली ऐसपैस जागा हवी. चित्रकारास हवी असते तीही नेमकी तशीच जागा.

1877 साली गावापर्यंत आगगाडी आली. जी गाडी मासळी बाहेर नेण्यास उपयोगी पडली तीच पाहुण्यांना आत आणू लागली. 1883–84 च्या हिवाळ्यात व्हिस्लर व त्याचा शिष्य सिकर्ट येथे येऊन चित्रे काढून गेले. 1890 मध्ये कलावंतांचा क्लब निघाला. त्याच दशकांत पिल्चर्डचे थवे अनियमित होऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो धंदा जवळजवळ बसला. एकामागून एक माळे रिकामे झाले, छपरांत उत्तरेच्या उजेडासाठी मोठ्या काचा बसविण्यात आल्या, आणि ‘लॉफ्ट’ या शब्दाचा अर्थ हळूहळू चित्रशाळा असा होऊ लागला. शब्द तोच राहून त्याच्या पोटातील वस्तू बदलणे हा अर्थपरिवर्तनाचा नेहमीचा प्रकार होय. येथे मात्र त्या बदलामागे एका समाजाची उपजीविका गेली होती. चित्रकारांनी कोळ्यांना हुसकावले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते येऊ लागले तेव्हा बंदर नांदते होते व दोन्ही समाज बराच काळ शेजारी राहिले. पण कलेस लाभलेली स्वस्त व विस्तीर्ण जागा ही मासेमारीच्या ऱ्हासाची देणगी होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

हा संबंध एका माणसाच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. ऑल्फ्रेड वॉलिस याचा जन्म 1855 चा. तरुणपणी शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून तो न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आला. पुढे सेंट आइव्जमध्ये जहाजांच्या जुन्या सामानाचे दुकान चालविले. 1922 मध्ये पत्नी वारल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, एकटेपणा घालविण्यासाठी त्याने चित्रे काढण्यास आरंभ केला. फळ्यांचे व पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे हा त्याचा फलक आणि होड्यांना लावावयाचा रंग हे त्याचे साहित्य. पुठ्ठ्याचा तुकडा जसा असेल त्याच्या कडेबरोबर त्याचा समुद्र वळतो. 1928 च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन व ख्रिस्तोफर वुड हे दोन तरुण चित्रकार रस्त्याने जात असता त्याच्या उघड्या दारातून ही चित्रे त्यांच्या दृष्टीस पडली. तेव्हापासून वॉलिसचा ‘शोध’ लागला असे मानतात.

या ‘शोध’ शब्दाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. वॉलिस त्या गावात अनेक वर्षे राहत होता. गावाला तो सापडलेलाच होता. त्याची चित्रे समीक्षकांनी निरागस, बालसुलभ ठरविली. परंतु स्वतः त्याने पत्रांतून सांगितलेला हेतू निराळा आहे: जे पूर्वी होते आणि पुन्हा कधी दिसणार नाही ते आपण काढतो, असे तो लिहितो. हे बालकाचे बोलणे नव्हे, साक्षीदाराचे आहे. जहाजाची डोलकाठी, दोर व शिडे यांचे त्याचे ज्ञान खलाशाचे आहे, आणि बंदराची त्याने केलेली मांडणी ही आत शिरणाऱ्या नौकेवरून आठवलेल्या नकाशासारखी आहे. त्याची पत्रे उद्धृत करताना त्याचे उच्चारानुसारी लेखन जसेच्या तसे ठेवण्याचा प्रघात आहे. भाषाभ्यासकास ते उपयुक्तच वाटेल, कारण त्या भागातील बोलीचा सूर त्यातून ऐकू येतो. मात्र वाचकाच्या मनावर त्याचा परिणाम वेगळाच होतो. ज्या लेखनात आपण बोली पाहावयाची तेथे तो भोळेपणा पाहतो.

वॉलिसची चित्रे लंडनचे जिम ईड यांनी टपालाने मागवून घेतली. आज त्यांतील पुष्कळशी केंब्रिज येथील केटल्स यार्डमध्ये आहेत. स्वतः वॉलिस 1942 मध्ये मॅड्रन येथील अनाथ-निर्धनांच्या आश्रमात मरण पावला. पोर्थमिअरच्या किनाऱ्यावरील दफनभूमीत त्याच्या थडग्यावर बर्नार्ड लीच यांनी घडविलेल्या फरशा आहेत: एक दीपगृह आणि त्याच्या दाराशी काठी टेकीत आलेली लहानशी मनुष्याकृती. लीच यांनी जपानी कुंभकार हामादा यांच्यासह 1920 मध्ये या गावात कुंभशाळा स्थापन केली होती.

पुढील इतिहास सुपरिचित असल्याने त्वरेने सांगता येईल. 1939 मध्ये युद्धाच्या सावटाखाली निकल्सन व शिल्पकार बार्बरा हेपवर्थ मुलांसह या परिसरात आले, नाउम गाबोही आला, आणि अमूर्त कलेचे एक केंद्र येथे तयार झाले. 1949 मध्ये जुन्या संस्थेतून फुटून पेनविथ सोसायटी निघाली. तिने आपल्या सभासदांचे परंपरावादी, आधुनिक व कारागीर असे गट पाडले. संस्थापकांपैकी पीटर लॅनियन यास हे वर्गीकरण मान्य झाले नाही व त्याने 1950 मध्ये राजीनामा दिला. ही घटना केवळ व्यक्तिगत कलहाची मानणे मला पटत नाही. त्या संप्रदायातील अग्रणींत सेंट आइव्ज ही जन्मभूमी असणारा तोच काय तो एक. त्याचे ‘सेंट जस्ट’ (1953) हे चित्र वरवर अमूर्त आहे. परंतु त्याच्या मध्यभागी खाणीची काळी विहीर आहे, आणि 1919 मध्ये लेव्हंट खाणीत 31 माणसे मेली त्याची ती स्मृती आहे. भूमी म्हणजे त्याच्या दृष्टीने केवळ रंगरूप नव्हते. तिच्या पोटात माणसे काम करून मेली होती. 1964 मध्ये इंजिनविरहित विमान चालविताना झालेल्या अपघाताच्या जखमांनी तो वारला.

चित्रांच्या नावांतून येणारे पोर्थ, ट्रे, पेन हे शब्द कॉर्निश भाषेचे आहेत. पोर्थमिअर म्हणजे मोठी खाडी. ही भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकव्यवहारातून नाहीशी झाली. तिच्या पुनरुज्जीवनाची चळवळ विसाव्या शतकात सुरू झाली. बाहेरून आलेल्या चित्रकारांनी ही स्थलनामे जगभर नेली, आणि बहुतेक प्रेक्षकांस ती केवळ नादमधुर वाटली.

1993 मध्ये पोर्थमिअरच्या किनाऱ्यावर, जुन्या गॅस कारखान्याच्या जागी, टेट संग्रहालयाची शाखा उघडली. 2017 मध्ये तिचा विस्तार झाला. गावाची कीर्ती वाढली तशा घरांच्या किंमतीही वाढल्या. एकेकाळी कोळ्यांची असलेली घरे सुट्टीतील पाहुण्यांची झाली. 2016 च्या मे महिन्यात गावाने जनमत घेतले, आणि नवी घरे कायमच्या रहिवाशांसाठीच असावीत या नियमाच्या बाजूने सुमारे 83 टक्के मते पडली. त्याविरुद्धचा दावा त्याच वर्षी उच्च न्यायालयाने फेटाळला.

पोर्थमिअर स्टुडिओज ही शिडांच्या माळ्यांची जुनी वास्तू एका न्यासाने सांभाळली आहे. निकल्सन तेथे काम करीत असे. वरच्या मजल्यावर आजही चित्रकार आहेत. खाली, ज्यास ते सेलर म्हणतात पण जे तळघर नाही तेथे, अजूनही काही कोळी आपली जाळी तयार करतात.