व्हॉल्व्ह धुण्याचे काम कोणाचे? थेट इंधन-फवारणीचा इतिहास

या पाठात आपण पेट्रोल इंजिनाचा इतिहास एका साध्या प्रश्नावरून पाहू: इनलेट व्हॉल्व्ह स्वच्छ कशामुळे राहतो?

कार्ब्युरेटर असो वा एमपीएफआय, पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच हवेत मिसळते. सिलिंडरमध्ये शिरताना ते व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवरून जाते आणि तिथला तेलकट थर धुऊन नेते. पेट्रोलमधील डिटर्जंटची त्याला मदत होते. हे काम कोणी मुद्दाम नेमून दिले नव्हते. ते आपोआप होत होते.

१९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलमध्ये बॉशचा यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडत असे. शक्ती वाढली. पण इग्निशन बंद केल्यावरही इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राही. ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन खाली नेई आणि ऑइल पातळ होई. धुलाई झाली, पण नको त्या जागी.

१९९६ मध्ये मित्सुबिशीने गॅलंटमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे जीडीआय इंजिन आणले. पेट्रोल सिलिंडरमध्ये वाफ होताना आतली हवा थंड करते; नॉकिंग कमी होते आणि संपीडन गुणोत्तर वाढवता येते. पुढे टर्बोचार्जरची जोड मिळाली. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी, २०१३ मध्ये बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय १.२ लिटर इंजिनातून १०५ पीएस देत असे.

आता व्हॉल्व्हकडे पाहा. त्याच्यावरून फक्त हवा जाते. या हवेत पीसीव्हीमार्गे आलेली ऑइलची वाफ असते. ईजीआर असेल तर काजळीही असते. ऑइल तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून कडक होते. थर वाढला की हवेची वाट अडते, थंड इंजिन सुरू होताना अडखळते, ताकद घटते. पेट्रोलमधले डिटर्जंट इंजेक्टर स्वच्छ ठेवते, पण इथवर पोहोचतच नाही. तुम्ही रायपूरमध्ये रोज तीन-चार किलोमीटरच गाडी चालवत असाल, तर इंजिन पुरते तापत नाही आणि क्रँककेसमधली वाफ वाढते. नव्या इंजिनाच्या ताकदीच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही. थर साचायला हजारो किलोमीटर लागतात.

उपाय दोन प्रकारचे आहेत. गॅरेजमध्ये अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने मारून व्हॉल्व्ह साफ करतात. धातूला ओरखडा न पडता कार्बन निघतो. दुसरा उपाय रचनेतला: २००५ मध्ये टोयोटाने डी-४एस पद्धतीत प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक आत आणि एक इनलेट पोर्टमध्ये. मुख्य हेतू ज्वलन सुधारणे हा होता. पण त्याबरोबर व्हॉल्व्हची धुलाईही परत आली. चांगला ऑइल-सेपरेटर आणि कमी बाष्पीभवन होणारे ऑइल यांनीही थर कमी करता येतो.

उद्या तुम्ही एखाद्या यंत्रातला भाग हलवाल किंवा काढाल, तेव्हा त्याचे कागदावरचे काम पाहून थांबू नका. तो न सांगता आणखी काय करत होता, ते शोधा.

स्वाध्याय: डिझेल इंजिनातही इंधन थेट सिलिंडरमध्ये जाते. मग त्याच्या इनलेट मार्गात कार्बन का साचतो? ईजीआर व पीसीव्हीची आकृती काढून उत्तर लिहा.