चूल, धूर आणि आपल्या आया-आज्या

भारतवारीत हल्ली महामार्गावर ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या दिसतात आणि आपण अमेरिकेतली मंडळी हमखास तिथे गाडी थांबवतो. चव खरंच न्यारी! पण त्या चवीची किंमत कोणी मोजली, हे इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही कळावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं आजोळ वर्धा जिल्ह्यातलं. सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात ओलं लाकूड पेटेपर्यंत मामी फुंकणीने फुंकून बेजार व्हायची. विडीला कधी हात न लावलेल्या मामीला चाळिशीतच धाप लागू लागली. घरात सगळे म्हणत, “दमा आहे.” धुराचं नाव कोणी घेतलं नाही.

गंमत म्हणजे, त्याच वर्ध्यात मगनवाडीला १९४७ साली धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली होती. एकाच जाळावर दोन-तीन भांडी आणि धूर घराबाहेर! गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचं नाव तिला दिलं होतं.

वैद्यकाचं लक्ष वेधलं ते दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी. फुप्फुसाच्या जुनाट आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ती सुजते. हा विकार पुरुषांचा, धूम्रपानाशी जोडलेला, असा समज होता. पद्मावतींना मात्र धूम्रपान न करणाऱ्या बायकाही तितक्याच आढळल्या, त्याही पुरुषांपेक्षा कमी वयाच्या. १२७ रुग्णांचा हा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. संशयाची सुई चुलीकडे वळली.

पुढे १९८१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, हे प्रत्यक्ष मोजलं. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी ‘लॅन्सेट’मधल्या लेखात मांडलं की, जगात फुप्फुसाच्या या जुनाट आजाराचं सर्वांत मोठं कारण कदाचित सिगारेट नसून सरपणाचा धूर असेल.

सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली कागदावर लागल्या. पण धुराडी काजळीने तुंबली, चुली फुटल्या, दुरुस्तीला कोणी आलं नाही. मोजणी वाटलेल्या चुलींची झाली, पेटत्या चुलींची नाही. जिला रोज दोनदा रांधायचं, तिलाच कोणी विचारलं नाही.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की बाई पुन्हा चूल पेटवते. आपल्यापैकी अनेकजण गावच्या शाळेला, देवळाला मदत पाठवतात. यंदा फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, गावात किती घरांत सिलिंडर रिकामा पडून आहे?